तसबिरीतले देव कुठून आले?

शिळाछाप (धागाकर्ता)

नरसोबाची वाडी, औदुंबर, गाणगापूर. दत्तसंप्रदायाची तीन मोठी ठिकाणं, आणि तिन्हीकडे पूजा पादुकांची. मनोहर पादुका, विमल पादुका, निर्गुण पादुका. मान पादुकांचा, चेहऱ्याचा नाही. पण वाडीहून परतलेल्या भक्ताच्या घरातली भिंत बघा. तीन मुखं, सहा हात, पायाशी चार कुत्री, मागे गाय, मागे औदुंबराचं झाड. हा दत्त आपल्याला इतका पाठ असतो की शाळकरी पोरालाही 'दत्त काढ' म्हटलं तर तो हाच काढेल.

माझं म्हणणं असं, की आपल्या देवांचे आजचे चेहरे बऱ्याच अंशी छापखान्यात ठरले. १८७८ ते १९३० या काळातल्या शिळाछपाईच्या रंगीत चित्रांनी ते काम केलं. देवळांनी किंवा पोथ्यांनी ते इतक्या घट्टपणे कधी केलं नव्हतं. गावोगावची मूर्ती वेगळी असे, घडवणाऱ्याचा हात वेगळा असे. कागदावरचा देव मात्र नाशकात आणि नागपुरात तंतोतंत तोच.

आधी थोडी पार्श्वभूमी. मराठी मुलखात धार्मिक छपाईची सुरुवात चित्रांनी झाली नाही, मजकुराने झाली. मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांनी १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यांवर भगवद्गीता कोरून घेऊन छापली. पुढे मुंबईत अमेरिकन मिशनने आपला छापखाना घातला आणि तिथे काम शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी स्वतःचं शिळायंत्र उभं केलं. पंचांगं, पोथ्या त्यावर निघू लागल्या. पोथ्यांत अधूनमधून रेघांची काळी चित्रं येत, पण ती पानातच राहत.

भिंतीवर चढलं ते रंगीत चित्र. १८७८ मध्ये पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा छापखाना काढला. त्याच वर्षी कलकत्त्यातही आर्ट स्टुडिओ सुरू झाला, हा योगायोग मला फार आवडतो. चित्रशाळेचं रामपंचायतन घरोघरी गेलं. त्याच दुकानात नाना फडणवीसही मिळत. म्हणजे देव आणि पेशवाईतला कारभारी एकाच यंत्रावरून, एकाच शाईत निघत होते. निबंधमाला लिहिणाऱ्या माणसाला हे पुरतं उमगलेलं असणार.

मग १८९४. राजा रविवर्मा मुंबईत छापखाना काढतात, भांडवलदार भागीदार गोवर्धनदास खटाऊ मखनजी, तंत्रज्ञ जर्मनीहून आणलेले. पहिलं चित्र शकुंतलेच्या जन्माचं. त्याच्या कितीतरी आधी संस्थानी दिवाण सर टी. माधवरावांनी त्यांना सुचवलं होतं की चित्रं युरोपात छापून घ्या, म्हणजे मागणी पुरवता येईल. मुंबईत प्लेग आला, धंद्यात ओढाताण झाली, छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि अखेर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. रविवर्मा १९०६ मध्ये गेले. त्यांच्या नावाची चित्रं त्यानंतरही कित्येक वर्षं निघत होती.

इथे एक गोष्ट बारकाईने बघण्यासारखी आहे. रविवर्म्यांची पुराणातल्या प्रसंगांची चित्रं आठवा: दमयंती आणि हंस, विश्वामित्र आणि मेनका. त्यातली पात्रं एकमेकांकडे बघतात, आपल्याकडे नाही. आपण बाहेर उभे राहून गोष्ट बघतो. लक्ष्मी आणि सरस्वती मात्र समोर तोंड करून आहेत. नजर आपल्यावर. पूजेला चालतं ते दुसऱ्या प्रकारचं चित्र, आणि बाजारात टिकलं तेही तेच. छापखान्याच्या पुढच्या यादीत मारुती, दत्त, विठोबा, गणपती असे समोर बघणारे देव वाढत गेले. गिऱ्हाइकाला गोष्ट नको होती, दर्शन हवं होतं.

तुमच्याकडे काय आठवणी, काय आक्षेप? मांडा.

---

कुडाळकर

धागा मस्त. आमच्या बाजूचं एक जोडतो. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळी चित्रकथीचे संच बाळगून असत. एकेक पान वर धरायचं, मागे वाद्य, आणि रामायण-महाभारतातला प्रसंग गाऊन सांगायचा. तिथले राम-लक्ष्मण बघा. टपोरे डोळे, चेहरा बहुधा एका बाजूला वळलेला, रेघ ठसठशीत. सांगणारा असल्याशिवाय ते चित्र अपुरं वाटतं.

तुम्ही म्हणता ते समोर बघणारं चित्र एकदा भिंतीवर लागलं की सांगणाऱ्याची गरज उरली नाही. चित्रकथीला ओहोटी लागायला इतरही कारणं होती, नाटक आलं, सिनेमा आला. पण सुरुवात इथून झाली असं मला वाटतं.

---

वाचनवेडी

वाखूसा (वाचनखूण साठवली). सविस्तर प्रतिसाद रात्री.

---

ओवी_अभंग

दत्ताच्या बाबतीत थोडी असहमत. तीन मुखांचा दत्त छापखान्याने आणलेला नाही. 'तीन शिरे सहा हात' हा तुकोबांच्या नावावरचा अभंग आपण सगळे म्हणतो, तो छापखान्याच्या दोनशे वर्षं आधीचा. त्यामुळे 'चेहरे छापखान्यात ठरले' हे वाक्य जरा सैल आहे. रूप परंपरेतलंच, छापखान्याने फक्त पोचवलं असं म्हणा.

---

शिळाछाप

@ओवी_अभंग, शब्दांतलं रूप होतंच, त्यावर वाद नाही. पण शब्दांत 'तीन शिरे' एवढंच आहे. मधलं तोंड तरुण की प्रौढ, दाढी आहे की नाही, अंगकांती गोरी की सावळी, गाय डावीकडे की उजवीकडे, चारही कुत्री वेगवेगळ्या रंगांची की एका रंगाची, हे सगळं कुणीतरी ठरवावं लागतं. शिवाय एकमुखी दत्ताचीही परंपरा आपल्याकडे आहे, नारायणपूरची मूर्ती एकमुखीच. दोन्ही रूपं नांदत होती. त्यातलं एक लाखांनी छापलं गेलं आणि दुसरं देवळात राहिलं. 'ठरवणं' म्हणतो ते याला.

---

रंगारी

मी कधीकाळी लिथोवर (म्हणजे शिळाछपाईवर) हात साफ केलेला माणूस आहे, म्हणून यंत्राच्या बाजूने लिहितो. चित्र कसं निघायचं हे कळलं की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

दगड बव्हेरियातला, सोल्नहोफेनचा चुनखडीचा. त्याला घासून एकसारखं दाणेदार करायचं. त्यावर मेणचट खडूने किंवा शाईने चित्र काढायचं. मग डिंक आणि थोडं नायट्रिक आम्ल फिरवायचं. दगड ओला केला की जिथे मेण नाही तिथे पाणी धरतो, जिथे मेण आहे तिथे पाणी सरकतं. शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त मेणावर बसते. झालं, कागद ठेवा, दाब द्या. आलोइस झेनेफेल्डरने १८०० च्या थोडं आधी शोधलेली ही युक्ती. कोरायचं काही नाही, तेल आणि पाण्याचं वैर तेवढं वापरायचं.

रंगीत चित्राला प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड. आठ-दहा दगड सहज लागायचे, चांगल्या कामाला त्याहून जास्त. पिवळा आधी, मग फिकट गुलाबी, मग निळा, करडा, शेवटी गडद. प्रत्येक वेळी कागद त्याच खुणेवर बसला पाहिजे. केसभर सरकला की देवाच्या ओठांचा लाल रंग हनुवटीवर. जुनी चित्रं भिंग घेऊन बघा, कडेला निळ्या-लाल रेषेची सावली दिसते, ती याच सरकण्याची.

आणि गालावरची ती मऊ सावली? ती ठिपक्यांची. कारागीर दगडावर टोकदार लेखणीने हजारो ठिपके देत बसायचा. मूळ तैलचित्रात ब्रशच्या एका फटकाऱ्यात येणारा गाल इथे ठिपक्या-ठिपक्याने बांधावा लागे. लक्ष्मीचा चेहरा 'ठरला' म्हणता ना, तो त्या ठिपकेवाल्या कारागिराने ठरवला. त्याचं नाव चित्राखाली नसतं.

अजून एक मौज. दगडावर चित्र उलटं असतं. डाव्या सोंडेचा गणपती छापून हवा असेल तर दगडावर उजव्या सोंडेचा काढायचा. रामाचा धनुष्याचा हात, कृष्णाने बासरी धरलेली बाजू, खालचं देवनागरी नाव, सगळं आरशात बघितल्यासारखं. उजव्या सोंडेच्या गणपतीचं सोवळं किती कडक असतं ते आपल्याला माहीत आहे, त्यामुळे आराखडा दगडावर उतरवणाऱ्याला सदा सावध राहावं लागे.

---

पंचपाळे

@रंगारी, जबरी प्रतिसाद. तुपाच्या शाईचं काय? सनातनी मंडळी छापील पोथीला हात लावत नसत कारण शाईत चरबी असते, म्हणून छापखानेवाल्यांनी तूप घालून शाई केली, असं ऐकलंय.

---

रंगारी

गणपत कृष्णाजींच्या बाबतीत ती गोष्ट सांगितली जाते, आणि तांत्रिकदृष्ट्या ती पटण्यासारखी आहे. लिथोचा सगळा खेळच स्निग्धतेवर. खडूत मेण, साबण आणि जनावराची चरबी असायची. त्या जागी तूप घालणं अगदी अशक्य नाही. मजा अशी की शाई सोवळी केली तरी हाताने शाई लावायचा रूळ चामड्याने मढवलेला असे! तो प्रश्न कुणी काढल्याचं माझ्या वाचनात नाही. देवाला सगळं माहीत असतं, पण छापखान्यात डोकावत नाही :)

---

मूकनायकाचा_वाचक

धागा छान चाललाय, एक काटा टोचतो. या विषयावर कुठेही वाचलं की एक वाक्य हमखास येतं: 'ज्यांना देवळात प्रवेश नव्हता त्यांच्या घरी रविवर्म्याने देव पोचवले.' ऐकायला छान. पण चित्रं छापायला लागून ३६ वर्षं झाल्यावर, १९३० मध्ये, नाशकात काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह करावा लागला, आणि तो वर्षानुवर्षं चालला. कागदावरचा राम मिळाला म्हणून देवळातल्या रामाचं दार किलकिलंही झालं नाही. भिंतीवर चित्र आणि दारात मज्जाव, दोन्ही एकाच वेळी सुखाने चालू होतं.

दुसरं असं की त्या घरांत देव नव्हते असं गृहीत का धरायचं? खंडोबा, म्हसोबा, मरीआई, जाखाई-जोखाई, शेंदूर लावलेले तांदळे, देव्हाऱ्यातले चांदी-पितळेचे टाक. हे सगळं होतंच. छापील चित्रांबरोबर जे आलं ते गोऱ्या अंगाचे, नितळ कांतीचे, रेशमी वस्त्रांतले देव. शेंदराच्या दगडाला त्या यादीत जागा नव्हती. पोचवणं म्हणता ना, सोबत काय पुसलं गेलं तेही लिहा.

---

शिळाछाप

मान्य. 'देव पोचवले' हे वाक्य मी मुद्दाम टाळलं होतं, पण दुसरा मुद्दा माझ्या मांडणीत नव्हता आणि तो महत्त्वाचा आहे. खंडोबाची छापील चित्रं आली, पण तीसुद्धा कशी? पांढरा घोडा, हातात खड्ग, शेजारी म्हाळसा, पायाखाली मणी-मल्ल. टाकावरचा खंडोबा आणि हा खंडोबा शेजारी ठेवून बघा. टाकावर ठोकून काढलेल्या मोजक्या रेघा, हळद लागून लागून गुळगुळीत झालेल्या. कागदावर सरदाराचा थाट.

---

मूकनायकाचा_वाचक

नेमकं. आणि एक पुरवणी. १९५६ नंतर त्याच भिंतींवर, त्याच मापाच्या लाकडी चौकटींत, बुद्ध आणि बाबासाहेब आले. तेही छापील, रंगीत, समोर बघणारे. खिळा तोच राहिला. लोकांनी छापील चित्राची ताकद ओळखली आणि आपल्याला हवं ते तिथे लावलं. मला या गोष्टीतला हा भाग सर्वांत आवडतो.

---

कुडाळकर

+१००

---

केसरीवाडा

राजकारणाची बाजू राहिली. चित्रशाळेचे वासुकाका जोशी टिळकांचे निकटचे. देवाचं चित्र म्हणजे सरकारला सहज पकडता न येणारी भाषा होती.

कीचकवधाचं उदाहरण घ्या. कीचक-सैरंध्रीचा प्रसंग रविवर्म्यांनी १८९० च्या सुमारास रंगवलेला. तेव्हा तो निव्वळ महाभारतातला प्रसंग. १९०७ मध्ये खाडिलकरांचं नाटक आलं, प्रेक्षकांनी कीचकात व्हाइसरॉय कर्झन बघितला, १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. आता त्याच प्रसंगाचं चित्र दिवाणखान्यात लावणारा काय सांगत असेल? चित्रातली एक रेघही बदललेली नाही. पोलीस भीमाला अटक थोडीच करणार!

गाईच्या अंगात ८४ देव दाखवणारं चित्रही असंच. गोरक्षणाच्या चळवळीत ते फिरलं, आणि दंग्यांच्या पार्श्वभूमीवर सरकारला ते प्रक्षोभक वाटलं. १९१० च्या प्रेस कायद्याने छापील चित्रंही जप्त करता येऊ लागली. आणि इथे गोडगोड राष्ट्रप्रेम म्हणून सोडून देऊ नये, त्या चित्रांच्या काही आवृत्त्यांत गाईवर चालून जाणारा राक्षस कोण समजायचा हे बघणाऱ्याला पुरेसं कळत होतं. धार्मिक चित्राने माणसं जोडली तशी तोडलीही.

---

वाचनवेडी

रात्र झाली, म्हणून आले :)

मला चित्रांच्या सजावटीबद्दल लिहायचंय, कारण ते बायकांचं काम होतं आणि त्यावर कुणी लिहीत नाही. जुन्या घरांत अजूनही दिसतात अशी चित्रं. सरस्वतीच्या साडीवर खरं कापड चिकटवलेलं, काठाला जर, दागिन्यांच्या जागी टिकल्या, मोती, काचमणी. चेहरा आणि हात तेवढे छापील ठेवायचे. काही ठिकाणी कापडाखाली कापूस भरून साडी फुगीर केलेली असते, म्हणजे चित्र हाताला लागतं.

विचार करा, छापखान्यातून हजारो एकसारख्या प्रती आल्या आणि घरातल्या बाईने दुपारच्या वेळात त्यातली एक वेगळी केली. आपल्या लक्ष्मीला आपल्या पसंतीचा काठ. देवीला साडी नेसवणं हे देवळातल्या पुजाऱ्याचं काम, ते इथे घरात तिच्या हाती आलं. शिळाछाप म्हणतात की चेहरा ठरला. हो, पण साडी अजून हातात होती.

---

रंगारी

सुंदर मुद्दा. छापखानेवालेही कमी नव्हते, कागदाला वार्निश आणि वर कॅनव्हासच्या विणीचा दाब देत, म्हणजे तैलचित्राचा भास व्हावा. तेच वार्निश आता पिवळं-तपकिरी पडलंय, म्हणून सगळे जुने देव काविळीतून उठल्यासारखे दिसतात.

---

जगप्रवासी

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. चित्राचं दर्शन घेतलं की पुण्य, हे आपल्याकडचंच आहे असं नाही. चीनमधल्या दुनहुआंगच्या गुहेत सापडलेलं ८६८ सालचं वज्रच्छेदिका सूत्र हे बौद्ध पुस्तक, लाकडी ठशांनी छापलेलं, आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्याच्या सुरुवातीलाच चित्र आहे: बुद्ध बसलेले, समोर शिष्य सुभूती गुडघे टेकून प्रश्न विचारतोय. आणि शेवटी नोंद की हे आईवडिलांच्या नावाने सर्वांना फुकट वाटण्यासाठी करवलं.

युरोपात १४२३ सालचं संत ख्रिस्तोफरचं लाकडी ठशाचं चित्र आहे, मँचेस्टरच्या राइलँड्स ग्रंथालयात. संत बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडतोय. खाली लॅटिनमध्ये लिहिलंय की ज्या दिवशी तू ख्रिस्तोफरचं मुख पाहशील त्या दिवशी तुला वाईट मरण येणार नाही. सकाळी उठून तसबिरीला हात जोडून बाहेर पडणाऱ्या आपल्या आजोबांना हे वाक्य लगेच पटलं असतं.

---

फाळके_चाळके

सिनेमाचा धागा कुणी उचलला नाही अजून? दादासाहेब फाळके हे रविवर्मा छापखान्यात काम केलेले. पुढे स्वतःचा छापखाना काढला, रंगीत छपाईचं तंत्र शिकायला १९०९ मध्ये जर्मनीला गेले. 'राजा हरिश्चंद्र' १९१३. त्यांचे देव पडद्यावर उभे राहतात तेही तसबिरीतल्यासारखे समोर तोंड करून. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम पडद्यावर आला की लोक हात जोडत, असं सांगतात. हात जोडायची सवय आधी भिंतीने लावली होती.

---

ओवी_अभंग

बरं, आता व्यवहाराचा प्रश्न. या चित्रांचं शेवटी करायचं काय? काच फुटली, वाळवी लागली, की लोक वडा-पिंपळाखाली नेऊन ठेवतात. देवळाच्या मागच्या भिंतीला टेकवलेल्या तसबिरींची रांग प्रत्येक गावात असते. पाण्यात सोडायला नको, रद्दीत द्यायला हात धजत नाही. कागदाची प्राणप्रतिष्ठा कुणी केलेली नसते, तरी त्याला रद्दी म्हणवत नाही.

---

शिळाछाप

मूर्तीला विधी करून देवपण येतं. चित्राला रोजच्या उदबत्तीने येतं, न विचारता. म्हणून काढायचाही विधी नाही. वडाखालची रांग हा लोकांनीच शोधलेला मधला मार्ग आहे. माझी विनंती एवढीच, की तिथे नेण्याआधी चित्र नीट बघा. मळवलीच्या छापखान्याला १९७२ मध्ये आग लागली, त्यात बरंच काही गेलं. जी चित्रं उरली ती घराघरांतच आहेत.

---

पंचपाळे

पण बघून कळणार कसं? आमच्याकडे एक रामपंचायतन आहे, जुनं दिसतं. जुनं की जुन्याची नक्कल?

---

रंगारी

साधं भिंग घ्या आणि चेहऱ्याचा भाग बघा. ठिपके एकसारख्या ओळीत, जाळीसारखे दिसले, चार रंगांची नक्षी दिसली, तर ते नंतरच्या ऑफसेट छपाईचं. ठिपके लहानमोठे, वेडेवाकडे, हाताने दिल्यासारखे, आणि शेजारी शेजारी बरेच वेगळे रंग दिसले तर दगडावरचं असण्याची शक्यता जास्त. मग खालची कड बघा. छापखान्याचं नाव बहुतेक वेळा तिथेच बारीक अक्षरात असतं, पण चौकटीत बसवताना ती कड दुमडलेली किंवा कापलेली असते. म्हणून आधी चौकट मागून उघडा, हळूच. मागचा लाकडी तक्ता काढून टाका, कागद त्याच्यामुळेही तपकिरी होतो. काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट ठेवा आणि कागदाची डागडुजी करणाऱ्याला दाखवा. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका.

---

पंचपाळे

उघडलं. कड दुमडलेलीच होती. आत 'चित्रशाळा, पुणें' एवढं वाचता येतंय, पुढचं वाळवीने खाल्लंय. भरताच्या चेहऱ्यावरचे ठिपके वेडेवाकडे आहेत. फोटो दिवसाउजेडी काढून टाकतो.